पहिला हात कोणावर?

आमच्या परिचयातील एका व्यापारी गृहस्थांच्या पायांवर सूज दिसू लागली. मधुमेह नव्हता, रक्तदाबही बेताचाच होता. परंतु लघवीच्या तपासणीत प्रथिनांचे प्रमाण फार मोठे निघाले. तज्ज्ञांनी मूत्रपिंडाची बायॉप्सी सुचविली. एक प्रश्न घरातील सर्वांच्याच मनात होता, पण तो विचारण्याचे धैर्य धाकट्या सूनबाईंनी दाखविले : "डॉक्टरसाहेब, सुई आपण स्वतः घालणार, की शिकाऊ डॉक्टर?"

प्रश्न मुळीच वावगा नव्हता. या तपासणीत रुग्णाला पालथे निजवितात, पाठीचा तेवढा भाग बधिर करतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत मूत्रपिंडाच्या खालच्या टोकापर्यंत सुई नेतात. श्वासागणिक मूत्रपिंड वर-खाली सरकते, म्हणून रुग्णाला क्षणभर श्वास रोखावयास सांगतात. त्या क्षणात स्प्रिंगची सुई बारीक शेवईसारखा, एक-दोन सेंटीमीटर लांबीचा तुकडा घेऊन येते. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतील दहा-वीस जरी त्या तुकड्यात आल्या, तरी रोगाचे नाव कळू शकते. धोका मुख्यतः रक्तस्रावाचा. २०१२ साली ९,४७४ बायॉप्सींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातील तीन-चार जणांना लघवीतून डोळ्यांना दिसेल इतके रक्त गेले होते. रक्त चढविण्याची वेळ शंभरात जेमतेम एकावर आली होती. धोका अल्प आहे खरा. पण ज्याच्यावर तो ओढवतो त्याच्यापुरता तो पूर्णच असतो.

या तपासणीचा इतिहासही हेच सांगतो. स्वीडनमधील नील्स आल्वाल यांनी १९४४ मध्ये सुईने मूत्रपिंडाचा अंश काढण्यास आरंभ केला. परंतु एक रुग्ण दगावला आणि त्यांनी ते काम थांबविले. पुढे १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. १९५४ मध्ये शिकागोच्या कार्क आणि म्यूर्के यांनी रुग्णाला पालथे निजवून ९६ टक्के वेळा पुरेसा तुकडा मिळविला. पद्धत सुधारली, पण ती शिकण्याची रीत जुनीच राहिली : एकदा पाहा, एकदा करा, मग दुसऱ्याला शिकवा. त्या 'एकदा करा'च्या वेळी टेबलावर निजलेला असे तो कोणाचा तरी पिता, कोणाची तरी कन्या.

आपल्या पेढीवर नव्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. आधी गठ्ठे बांधणे, मग वजनमाप, मग रोजमेळ, आणि पुष्कळ काळाने सौदा. वैमानिकही प्रथम जमिनीवरील कृत्रिम कक्षात उड्डाण शिकतो. वैद्यकशास्त्राला ही शिस्त उशिरा लाभली. फ्रान्सच्या आरोग्यविषयक सर्वोच्च प्राधिकरणाने २०१२ मध्ये तिचे सार एका वाक्यात मांडले : पहिली वेळ रुग्णावर कधीही नाही.

बायॉप्सीच्या सरावासाठी मांसल भागासारखा लागणारा एक ठोकळा असतो, त्यात मूत्रपिंडाचा नमुना बसविलेला असतो. शिकणाऱ्याने एका हाताने सोनोग्राफीचे यंत्र स्थिर धरावयाचे, दुसऱ्याने सुई, आणि दृष्टी पडद्यावर. सुईचे टोक दृष्टीआड झाले की थांबावयाचे. शिक्षक पायऱ्यांची यादी घेऊन एकेक चूक टिपतात. चुकले तर पुन्हा. ठोकळा तक्रार करीत नाही.

याचा उपयोग खरोखर होतो काय? बायॉप्सीच्या जवळच्याच एका कृतीचे उदाहरण पाहू. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मोठ्या शिरेत नळी घालण्याचे शिक्षण नमुन्यावर दिले गेले, आणि ठरलेली पातळी गाठेपर्यंत सराव अनिवार्य ठेवला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील अतिदक्षता विभागात नळीच्या दर हजार दिवसांमागे जंतुसंसर्गाचे प्रमाण ३.२० वरून ०.५० वर आले.

आपल्या वाचकांना एक शंका येईल : हे नमुने कशाचे? काही ठिकाणी त्यांसाठी पक्ष्याचे मांस व प्राण्याचे मूत्रपिंड वापरले जाते, काही ठिकाणी जिलेटिन. परंतु सिलिकोनचे नमुनेही मिळतात आणि अगर, म्हणजे आपले चायना ग्रास, हेही सोनोग्राफीच्या सरावास चालते. पडद्यावर शरीरासारखी रवाळ छाया उमटावी म्हणून अशा मिश्रणात इसबगोलही घालतात. शिकण्यासाठी जीव घ्यावाच लागतो, असे नाही.

अर्थात नमुना भीत नाही, त्याला वेदना होत नाहीत आणि त्याचा रक्तस्राव थांबविण्याची घाईही नसते. म्हणून सरावानंतरही पहिल्या काही रुग्णांच्या वेळी अनुभवी हात शेजारी असावाच लागतो.

आपल्यातील अनेक कुटुंबे रुग्णालयांना सढळ हाताने देणगी देतात. कित्येक जण विश्वस्तही आहेत. डायलिसिसचे यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटी लागते. सरावाची खोली रुग्णांच्या दृष्टीस पडत नाही. तथापि तेथे टळलेली प्रत्येक चूक हे एका अनोळखी माणसाला दिलेले गुप्तदानच होय. विश्वस्तांनी पुढील सभेत एवढे तरी विचारावे : आपल्याकडील तरुण डॉक्टर आधी कशावर शिकतात?

सूनबाईंना मिळालेले उत्तर सांगावयाचे राहिले. डॉक्टर म्हणाले, "सुई माझी विद्यार्थिनी घालील, मी तिच्या शेजारी उभा असेन. नमुन्यावरील परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज मी कोणालाही रुग्णाजवळ येऊ देत नाही." घरच्यांनी संमती दिली. तुकडा पुरेसा मिळाला, निदान झाले, औषधे सुरू झाली. गृहस्थ आता पुन्हा सकाळी पेढीवर बसतात.