दसऱ्याच्या आत एक जोडी बूट

झोजिला खिंड बंद व्हायच्या आत पेट्या पलीकडे पोहोचायला हव्यात, म्हणून हे घाईने लिहिते आहे. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली जातो, मनालीकडचाही जातो. मग उरतं विमान, आणि त्याचं भाडं आतल्या जुन्या मालापेक्षा जड होतं. ट्रकने जायचं ते ऑक्टोबरातच. आपल्या हिशेबाने दसरा, फार तर कोजागरी.

पेट्यांत हवेत बूट. आइस हॉकीचे, खाली पोलादी पातं असलेले, सहा ते तेरा वर्षांच्या पायांचे.

लडाखमध्ये बर्फ फुकट आहे, हे आधी लक्षात घ्या. हा खेळ जगभर महाग आहे तो मुळात बर्फामुळे. साठ मीटर लांब आणि जवळजवळ तीस मीटर रुंद पट्टा यंत्राने गोठवून ठेवायचा म्हणजे विजेचं बिल बघूनच घाम फुटावा. डेहराडूनला 2011 साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली, आणि नंतर ती कितीतरी वर्षं कुलपात पडून होती. लडाखी गावात मात्र मोकळं मैदान किंवा पडीक शेत सपाट करतात, कडेने मातीचा बांध घालतात आणि रात्री ओढ्याचं पाणी सोडतात. एक थर गोठला की दुसरा, मग तिसरा. पहाटे झाडू मारायचा, की झालं मैदान. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हे चालतं. (थंडी उशिरा येऊ लागल्यापासून हे दिवसही आक्रसत चाललेत.) नेमकी त्याच काळात शाळांना हिवाळ्याची लांब सुट्टी असते. पोरं रिकामी, बर्फ तयार, शिकवायला गावातलीच एखादी खेळाडू ताई तयार. अडतं ते पायाशी.

जानेवारीतल्या एका सकाळी मी अशा मैदानाच्या काठावर उभी होते. बुटांची एक जोडी आणि तीन मुली. पहिली बर्फावर, दुसरी नाड्या सोडायची वाट बघत बांधावर बसलेली, तिसरी थंडीने पाय आपटत उभी. बूट तिघींनाही मोठे, म्हणून आत मोज्यांवर मोजे. सैल बुटात घोटा वाकतो आणि घोटा वाकला की पात्याची कड बर्फ धरत नाही. मूल पडतं, पुन्हा पडतं आणि मग त्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. मुलात काही कमी नसतं, माप चुकलेलं असतं.

तिथे हा खेळ रुजला तोच जुगाडातून. सुरुवातीच्या पिढीने लष्करी बुटांना पाती ठोकून खेळायला घेतलं. उसन्या सामानावर शिकलेल्या मुलींमधून पुढे भारताचा महिला संघ उभा राहिला. त्यात लेहच्या बौद्ध मुलींबरोबर मुस्लिम मुलीही आहेत. 2016 मध्ये तैपेईला पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाताना त्यांच्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये त्यांनी फिलिपिन्सला हरवून पहिला विजय मिळवला, आणि 2025 मध्ये अल ऐनच्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. पदकाची बातमी आपण सगळ्यांनी फोनवरून पुढे पाठवली. पुढे पाठवायला पैसे पडत नाहीत, हे मी स्वतःलाही धरून म्हणते.

मोठ्या माणसाचे बूट अनेक वर्षं जातात. मुलाचा पाय एका हिवाळ्यात माप सोडतो. नवे बूट बहुतेक परदेशातून येतात आणि लहानातले लहानही काही हजारांना पडतात. जवाची शेती आणि चार जनावरं असलेल्या घराने दरवर्षी हा खर्च करावा, असं कोण म्हणेल? म्हणून बूट कुणा एका मुलाच्या नावाने देऊ नका. ते गावाच्या पेटीला द्या. मुलाने आपलं माप काढायचं, तासभर खेळायचं, पुसून परत ठेवायचं. पुढच्या वर्षी त्याच पेटीतून एक माप वरचं. अशा पेटीतली एक जोडी पाच-सहा मुलांना उभं करते.

टोरांटो, एडमंटन, बॉस्टन, मिनियापोलिसकडच्या मराठी मंडळींना तर हे माझ्याहून जास्त कळतं. तुमच्या गॅरेजमध्ये मुलांचे दोन-तीन जोड नक्की पडलेले असतील. दिवाळीला भारतात येणार असाल, तर ती वेळ उशिराची आहे. आत्ता येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत घाला. लहान जोडी दोन किलोच्या आत बसते, तेवढी चॉकलेटं कमी आणा.

पुण्या-मुंबईच्या रोलर स्केटिंग क्लबांनी चाकांचे बूट पाठवू नयेत, ते बर्फावर निरुपयोगी. पण नुसतं उभं राहायला शिकणाऱ्या चिमुरड्यांना तुमची गुडघ्या-कोपराची पॅड चालतात. फिगर स्केटिंगचे बूटही नकोत. त्यांच्या पात्याला पुढे दाते असतात आणि हॉकी शिकणारं मूल त्यावर अडखळून तोंडावर आपटतं. तडा गेलेलं हेल्मेट तर कृपा करून कचऱ्यातच टाका. पक, म्हणजे या खेळातली चकती, 170 ग्रॅमपर्यंत वजनाच्या टणक रबराची असते, ती फुटक्या हेल्मेटची दया करत नाही. जाळीचं हेल्मेट, गळपट्टा आणि हातमोजे सुस्थितीत असतील तर सोन्यासारखे.

सामान नसेल तर पैसे द्या, पण कशासाठी ते सांगून द्या. ट्रकभाड्यासाठी, आणि धार लावायच्या छोट्या यंत्रासाठी. उघड्यावरच्या बर्फात वाळू मिसळलेली असते, पाती लवकर बोथट होतात आणि बोथट पात्यावर वळताच येत नाही. आजूबाजूच्या चार-पाच गावांत मिळून एक यंत्र आणि ते चालवायला शिकलेला एक माणूस असला तरी पुष्कळ.

लेहमध्ये लडाख वुमेन आइस हॉकी फाउंडेशन गावोगावच्या मुलींसाठी शिबिरं घेते. अमेरिकेची द हॉकी फाउंडेशनही लडाखमध्ये बरीच वर्षं काम करते आहे. त्यांना आधी विचारा, कोणत्या गावाला कोणती मापं हवीत, आणि मगच पाठवा. लेह शहराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. कारगिल बाजूला, द्रास आणि चिक्तनकडे, काय जातंय तेही विचारा.

या रविवारी माळा उघडा. बूट उन्हात वाळवा, पात्यावरचा गंज पुसा, दोन्ही बूट एकत्र बांधा आणि माप पेटीवर बाहेरून मोठ्या आकड्यात लिहा. आणि नाड्या आत टाका. नाड्या सगळे विसरतात.