यंत्रयुगाची हुंडी

"संगणकाचेंच पाहा ना!" एवढें म्हटलें कीं कोणताहि वाद मिटला, असें आमच्या सुशिक्षित मंडळींस हल्लीं वाटूं लागलें आहे. विजेच्या टंचाईचा प्रश्न निघो, तापत चाललेल्या हवामानाचा निघो कीं पेट्रोलच्या नासाडीचा निघो. दिवाणखान्यांतील एखादे गृहस्थ शांतपणें सांगतात कीं, जें यंत्र एके काळीं सबंध खोली व्यापीत होतें तें आज खिशांत मावतें. तेव्हां ऊर्जेचा प्रश्नहि असाच सुटेल, आपण काटकसरीचें व्रत उगाच कशाला घ्यावें? हा युक्तिवाद दिसावयास सोज्वळ असला तरी तो शास्त्रदृष्ट्या खोटा आणि नीतिदृष्ट्या घातक आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

प्रथम संगणकाचें श्रेय संगणकास देऊं. १९७१ सालीं निघालेल्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज एकेका चिपवर ते अब्जावधि असतात. ही प्रगति अद्भुत आहे, यांत शंका नाहीं. परंतु ती साधली कशामुळें? अंक ही केवळ एक खूण आहे. पाटीवर वीतभर उंचीचा पांच काढला काय किंवा तांदळाच्या दाण्यावर काढला काय, त्याची किंमत पांचच राहते. खूण जितकी बारीक, तितकें तिला लागणारें बळ कमी. अर्थ मात्र अबाधित. ही सवलत निसर्गानें चिन्हांना दिली आहे. पदार्थांना दिलेली नाहीं.

एक लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत आणावयास सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. ती पेशवाईंत लागत होती, आज लागते आणि आमच्या पणतवंडांनाहि लागेल. ती लांकडाची असो, विजेची असो कीं उन्हाची असो, कोठून तरी आणावीच लागते. पाणी कांहीं बारीक अक्षरांत लिहितां येत नाहीं! उष्णतेकडून काम करून घेणाऱ्या यंत्राला ओलांडतां न येणारी सीमा असते, हें कार्नो या फ्रेंच अभियंत्यानें १८२४ सालींच दाखविलें. सौरघटाची गोष्टहि तीच. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें तो जगापुढें मांडला, तेव्हां पडलेल्या उन्हापैकीं सुमारे सहा टक्क्यांची वीज होई. आज घरांवर बसणाऱ्या पॅनेलांत वीस-बावीस टक्क्यांची होते. सत्तर वर्षांत चौपटहि वाढ नाहीं! २०१० ते २०२० या दहा वर्षांत या पॅनेलांची किंमत सुमारे नऊ-दशांश उतरली, हें खरें आणि फार मोलाचें आहे. परंतु तें यश कारखान्यांतील चिकाटीचें आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचें आहे. ऊन पूर्वी होतें तितकेंच राहिलें.

भविष्यकथन किती जपून ऐकावें, याचा दाखला आपल्या घरचाच आहे. १९५५ सालीं जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसाठीं परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनीं असें भाकीत केलें कीं, अणुसंमीलनाची शक्ति ताब्यांत आणण्याचा मार्ग वीस वर्षांत सांपडेल. भाभा कांहीं बाजारांतले ज्योतिषी नव्हते. त्यांच्या तोलाचे शास्त्रज्ञ त्या काळीं फार थोडे होते. तरीहि १९७५ साल आलें आणि गेलें. मध्यंतरीं १९६९ सालीं तारापूरला वीज निघूं लागली, ती अणूच्या विभाजनाची होती. डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंत लेसर किरणांनीं २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली असतां संमीलनांतून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली, आणि जगभर जयघोष झाला. पण ते लेसर चालविण्यासाठीं तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज ओढावी लागली होती, हें त्या जयघोषांत किती जणांच्या कानीं पडलें? प्रयोग थोरच, पण त्यावर कोणाच्या घरचा दिवा लागला नाहीं.

आणि खुद्द संगणक तरी या नियमांतून सुटला आहे काय? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खर्च केली; म्हणजे जगाच्या एकूण विजेपैकीं दीड टक्का. ज्यानें ऊर्जेचा प्रश्न सोडवावयाचा, तोच आज वीजघराच्या दारीं झोळी पसरून उभा आहे!

यावर मला कोणी निराशावादी म्हणतील. पण मी यंत्राचा वैरी नाहीं. मर्यादा कळली म्हणजे आशा कोठें ठेवावी हेंहि कळतें. जुना साठ वॅटचा दिवा आपली बहुतेक वीज उष्णतेंत घालवी. तेथें सुधारणेस जागा होती, म्हणून आज नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा जवळजवळ तितकाच उजेड देतो. रस्त्यावरचें पेट्रोलचें इंजिन इंधनाचा सुमारे पाऊण हिस्सा वायां दवडतें. म्हणून विजेच्या मोटारीला भवितव्य आहे. प्रत्येक नव्या यंत्राच्या उंबरठ्यावर एकच प्रश्न विचारावा: निसर्गाची सीमा येथून किती दूर आहे? दूर असेल तर खुशाल पैसा आणि बुद्धि खर्चा. जवळ असेल तर चमत्काराची वाट पाहत बसूं नका.

कारण वाट पाहण्याचीहि किंमत असते, आणि ती कोणी द्यावयाची हाच यांतील खरा नीतीचा प्रश्न आहे. आज कोळसा जाळून हवेंत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेंकडों वर्षें तेथेंच राहतो. "उद्यांचें यंत्र तें निस्तरील" असें म्हणून जो आज हात सैल सोडतो, तो आपल्या नातवावर हुंडी काढतो. ती भरण्याच्या दिवशीं काढणारा हजर नसतो. आणि ज्याच्यावर ती काढली, त्याला तर कोणी विचारलेलेंच नसतें.