पोराला शाळा आपली वाटली पाहिजे



हंगाम सुरू झाला की आपले सारे ध्यान तोडीवर, टनेजवर आणि बिलावर. ते रास्तच आहे. पण घरातली एक तक्रार आपण कानाआड करतो. "पोराचं पोट दुखतंय, शाळेला नको म्हणतंय." आपण दोन धपाटे देतो, नाहीतर डॉक्टरांकडे नेतो. पोटात काही सापडत नाही. रविवारी पोर हुंदडते, सोमवारी सकाळी पुन्हा पोट धरून बसते. हे दर खेपेस नाटक नसते. पोराच्या मनात धास्ती असते आणि त्या धास्तीने पोट खरोखर दुखते.

अशा वेळी आपण अभ्यास नि मार्क विचारतो. त्याला शाळेत कोणी आपले वाटते का, हे विचारत नाही. अमेरिकेत सुमारे १२ हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली, ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. ज्या मुलांना घरची माया आणि शाळेचा आपलेपणा वाटत होता, त्यांच्यात मनाची अस्वस्थता कमी आढळली. पाहणीत दोन्ही गोष्टी बरोबर दिसल्या, म्हणून एकामुळेच दुसरी होते असे ठाम म्हणता येत नाही. तरी आपला अनुभवही तोच आहे. गुरुजी नाव घेऊन हाक मारतात, डबा खायला जोडीदार आहे, असे पोर सहसा शाळा चुकवत नाही.

कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली. घर सोडून आलेल्या पोराला आधी आपली माणसे लागतात, हे अण्णांनी ओळखले होते.

आता आपल्या फडाकडे पाहा. बीडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर परततात. त्यांची लेकरे निम्मे वर्ष कोपीवर. गावची शाळा सुटते, इथली आपली होत नाही. पोर वर्गात गेलेच तर मागे बसते, "कोयत्याचं पोर" म्हणून ओळखले जाते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. पण कायदा पटावर नाव घालील, बाकावर शेजारी जागा आपल्याच पोरांनी द्यायची आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. निकालाव्यतिरिक्तही शाळेत जा, गुरुजी-बाईंशी बोला. पोराला "किती मार्क पडले?" याआधी "आज कुणाबरोबर खेळलास?" असे विचारा. धास्ती आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर लाज न धरता डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि आपल्या रानात टोळी आली की लेकरे किती, शाळेत जातात किती, हे मुकादमाला विचारा. गटाच्या बैठकीत हा विषय निघालाच पाहिजे.

यंदा टनेज घटले तर पुढल्या साली भरून काढू. शाळेला भ्यालेल्या पोराचे वर्ष तसे भरून निघत नाही.