रिकाम्या बंदुकीची बाजू

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांची एक जात मला अजिबात मानवत नाही. ही मंडळी वस्तू पुसून, तेलपाणी करून गप्प बसत नाहीत. त्यांना ती चालवून बघायची असते. आजोबांचा फोनो सापडला की तो वाजलाच पाहिजे, पणजीचा अडकित्ता सापडला की सुपारी फुटलीच पाहिजे. इथवर माझी तक्रार नाही. अडकित्त्यानं फार तर बोट चेचेल. पण ही हौस रायफलीपर्यंत पोचली की कुणीतरी मध्ये पडणं भाग असतं, आणि आमच्या घराण्यात मध्ये पडायचं काम परंपरेनं माझ्याकडे आहे.

आमचे श्रीगोंद्याकडे एक मामा आहेत. त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री जातीची रायफल आहे; रीतसर परवान्याची, वडिलोपार्जित. ब्रिटिश लष्करानं ही रायफल 1871 साली स्वीकारली. 1879 च्या झुलू युद्धात ती आफ्रिकेत गाजली. श्रीगोंद्यात गाजल्याचं मात्र मामांखेरीज कुणाला आठवत नाही. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते. निवडणूक लागली की लोकांची हत्यारं ठाण्यात जमा होतात, त्यांत तीही जाते. मामांना त्याचा कोण अभिमान! आपली रायफल आत गेल्याशिवाय लोकशाहीला सुरुवातच होत नाही, असा चेहरा करून ते पावती घेऊन येतात.

अडचण एकच. तिचं काडतूस मिळत नाही. या काडतुसाचं नावच मुळी '577/450'. म्हणजे बुडाशी जाड, मानेशी बारीक, सोडावॉटरच्या बाटलीसारखी पुंगळी. आत 85 ग्रेन काळी दारू, म्हणजे साडेपाच ग्रॅम, आणि वर 480 ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे अडीच तोळ्यांहून जड. हल्ली मंगळसूत्राला एवढं सोनं पडत नाही. आमच्या शेजारी पुणे जिल्ह्यात खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे, पण या बाटलीची आठवण आता तिथल्या भिंतींनाही नसेल.

तेव्हा मामांनी ठरवलं, काडतूस घरी भरायचं.

"अरे, ठासणीच्या बंदुकीला काय दुकानातनं काडतूस आणत व्हते का? शोरा, गंधक, कोळसा! आपल्या आज्यानं हातानं भरलीय."

"मामा, आज्यानं विहीरही हातानं खणली होती. तुम्ही बोअर मारलीत."

मामा यावर गप्प बसले, पण पटलं म्हणून नव्हे.

परदेशात हा उद्योग चालतो, हे मी नाकारत नाही. तिथले हौशी लोक 24 बोअरची पितळी पुंगळी घेतात, तिला आकार देतात, शिसं ओततात. पण त्यांच्याकडे तराजू असतो, साचे असतात आणि पाठीशी त्यांचा कायदा असतो. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय काडतूस बनवू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे तिला जेवण रांधून घालण्याचा परवाना नव्हे. उलट याच कायद्यात एक फार समंजस कलम आहे: जी जुनी बंदूक दुरुस्त करूनही उडणार नाही, तिला परवानाच लागत नाही. म्हणजे सरकारच्याही मते म्हाताऱ्या हत्याराचा मान त्याच्या गप्प राहण्यात आहे.

कायदा सोडा. पोलादाचं काय? सव्वाशे-दीडशे वर्षांचं पोलाद आतून कितपत खाल्लं गेलंय, हे वरून तेल लावून कळत नाही. त्यात काळी दारू मिळाली नाही म्हणून कुणी बिनधुराची भरली, तर आतला दाब नळीला न पेलणारा. आणि ही रायफल फुटते ती कुठे? गालापाशी, डोळ्यापाशी. बार काढणारा मामा असेल, पण बाजूला कानात बोटं घालून उभा असतो तो सात वर्षांचा नातू. वारसा वारसा म्हणतात तो नेमका कोणता, हे एकदा ठरवून टाका.

मामांचा हुकमाचा एक्का म्हणजे चांदबिबी. 1595-96 साली मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा गोळे संपल्यावर तिनं तोफांत तांब्याची, मग चांदीची, शेवटी सोन्याची नाणी भरली, असं आमच्याकडे सांगतात. खरं असो नसो, गोष्ट मोठी आहे. पण तिच्या दारात शहाजादा मुराद फौज घेऊन उभा होता. मामांच्या दारात फार तर दूधवाला.

"बिबट्या येतो की उसात!" हा पुढचा मुद्दा. येतो, आणि लोक खरंच जीव मुठीत धरून पाणी धरायला जातात. पण त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी ही रायफल घरच्या बाटलीवर फुसकी निघाली तर मामांना कुणाचं आहे?

मोठमोठ्यांना निवृत्ती मानवते. मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 साली नगरलाच ओतली. आता ती विजापूरच्या बुरुजावर नुसती पडून असते. 1854 साली तिचा दीडशे रुपयांत लिलावही झाला होता. पुढे तो रद्द झाला. आणि भिंगारच्या बाजूला 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे असतात, पोरं फोटो काढून घेतात, आणि एकही रणगाडा गोळा मागत नाही. नगरचं अहिल्यानगर झालं 2024 साली, तेही त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

मामांकडे बिस्किटांच्या डब्यात सात जुनी काडतुसं आहेत, हिरवा गंज चढलेली. मामींना तो डबा चुलीपासून किती लांब ठेवावा याची काळजी, मामांना ती उघडून आतली दारू वापरता येईल का याची. ती उघडू नयेत, ठोकू नयेत, उन्हात वाळवू तर मुळीच नयेत. पोलीस ठाण्यात कळवून त्यांची विल्हेवाट लावून घ्यावी. अर्ज मी लिहून दिला आहे, तीन प्रतींत. मामांची सही तेवढी व्हायची आहे.