हमोत्सी कशावर म्हणावी?

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी वसलेल्या ट्रॉय या गावी दर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. भाजी, मध, चीज यांच्या जोडीला ताजे पावही तेथे मिळतात. परंतु शाब्बाथ पाळणाऱ्या घराला शनिवारच्या बाजाराचा काय उपयोग? म्हणून गेल्या हिवाळ्यात मुलीकडे राहिले असताना शुक्रवारी सकाळीच आम्ही पावाचे पीठ मळीत असू. डिसेंबरात तेथे सूर्य साडेचारच्या आत मावळतो. दिवे लावण्याची वेळ कोणासाठी थांबत नाही.

एका शुक्रवारी पाव करण्यास सवड झाली नाही. मी दोन चपात्या भाजल्या आणि पांढऱ्या रुमालाखाली झाकून ठेवल्या. सहा वर्षांच्या नातवाने रुमाल उचलून पाहिला व म्हणाला, “आजी, हा शाब्बाथचा पाव नव्हे. त्याला वेणी असते.” मुलगी हसली. मला मात्र हसू आले नाही. मुलाचे काही चुकले नव्हते. त्याने जे पाहिले तेच तो सांगत होता. चूक आमची होती, कारण दुसरे काही आम्ही त्याला दाखविलेच नव्हते.

पावाला वेणी घालावी असे तोरात कोठेही नाही. ती मध्य युरोपातील यहुद्यांची चाल आहे, आणि सुंदर चाल आहे. मेजावर दोन पाव ठेवतात ते निर्गमाच्या १६ व्या अध्यायातील मान्नाच्या आठवणीसाठी. सहाव्या दिवशी तो दुप्पट मिळत असे. ‘हल्ला’ हा शब्दही मुळात पावाचा नव्हे, तर गणनेच्या १५ व्या अध्यायात सांगितलेल्या, मळलेल्या पिठातून परमेश्वरासाठी वेगळ्या काढावयाच्या गोळ्याचा आहे. हमोत्सीला धान्य कोणते हे महत्त्वाचे. गव्हाच्या चपातीवर ती म्हणता येते. तांदळाच्या भाकरीवर नाही, तिचा बेराखा निराळा. आपले पूर्वज कोकणात भाताच्या मुलखात राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेतले, आणि भट्टीवाचून शाब्बाथ पाळला. द्राक्षारस मिळेना तेव्हा काळ्या मनुका भिजवून त्यांच्या सरबतावर किद्दूश म्हटला. नवसाला पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची व फळे यांचा मलीदा केला आणि एलियाहू हन्नाबीचे स्मरण केले. हे सारे घरात, घरच्या हातांनी झाले. त्याला कमी प्रतीचे यहुदीपण समजणे हा अज्ञानाचा भाग होय.

“एवढा खटाटोप कशाला? दुकानात सर्व मिळते,” असे अनेक जण म्हणतात. त्यांचे म्हणणे मी सहज उडवून लावणार नाही. आपल्या आजींनी पहाटेपासून रांधले, वाटले, आणि सर्वांच्या मागून जेवल्या. घरगुती पदार्थांचे गोडवे गाताना ते कष्ट आपण विसरतो. याच ट्रॉय गावाची एक हकीकत आहे. १८२७ च्या सुमारास हॅना मॉन्टेग्यू या गृहिणीने, पतीच्या सदऱ्याची केवळ कॉलरच मळते हे पाहून, ती कापून वेगळी धुण्याची युक्ती काढली. त्या युक्तीवर कारखाने उभे राहिले, गाव ‘कॉलरचे शहर’ म्हणून प्रसिद्धीस आले. पण घरातील धुणे संपले नाही; ते धुलाईघरांतील मुलींच्या वाट्यास गेले. उकळते पाणी आणि तापलेल्या इस्त्र्या यांच्यात त्या दिवसाचे बारा-चौदा तास राबत. १८६४ साली केट मुलानी हिने त्यांची संघटना उभारली आणि मजुरी वाढवून घेतली. श्रम नाहीसे होत नाहीत, ते दुसऱ्याच्या पाठीवर जातात, हे यावरून ध्यानात यावे. तेव्हा उपाय घरचे काम सोडण्याचा नाही. ते वाटून घेण्याचा आहे. पीठ पुरुषांनी मळावे, मुलांनी लाटावे, मनुका ज्याला सवड असेल त्याने भिजवाव्यात.

हा विषय मी केवळ चवीसाठी मांडीत नाही. १९४८ नंतर आपला समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. भारतात आता थोडे हजार उरले. अमेरिकेत तर एकेका गावी एखाद-दुसरे घर. तेथे इतर यहुदी बांधव प्रेमाने वागतात, त्यांच्या सिनेगॉगात आपण जावे, त्यांच्या चालीही शिकाव्यात. परंतु आपल्या चाली आपल्याला तेथे कोण शिकविणार? मिन्यानला दहा जण लागतात. पीठ मळण्यास दोन हात पुरतात. जेथे आपले दहा जण जमत नाहीत, तेथे स्वयंपाकघर हीच आपली शाळा आहे. ती बंद पडली तर मुलांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका शुक्रवारी तरी घरी काही करावे: चपाती, मनुकांचे सरबत, सणाला चिकाचा हलवा. ते का करतो, हे करतानाच मुलांना सांगावे. जेवण झाल्यावर केलेला उपदेश त्यांच्या कानांवरून जातो. हात पिठात असताना सांगितलेले राहते. तीस वर्षे वर्गात उभी राहून मी एवढे तरी शिकले आहे.

पुढच्या शुक्रवारी आम्ही वेणीचा एक पाव केला आणि एक चपाती. चपाती नातवाने लाटली. ती गोल झाली नाही, एका कडेला जाडच राहिली. रुमालाखाली दोन्ही ठेवली, आणि हमोत्सी म्हणून पहिला तुकडा त्याच चपातीचा मोडला.