जोडलेल्या फोटोतले पक्षी मोजू नयेत

उजनी एका फोटोत मावत नाही. करमाळा तालुक्यातील केत्तूर, वाशिंबे किंवा कुगावच्या काठावर उभे राहिले, की पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले असते आणि फोनच्या साध्या भिंगात त्यातला जेमतेम ६५-७० अंशांचा तुकडा येतो. मग चार-सहा फोटो ओळीने काढायचे आणि सॉफ्टवेअरकडून जोडून घ्यायचे, ही युक्ती आता पक्षीप्रेमींपासून गावातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. फोटोशॉप आहे, फुकट मिळणारे हगिन आहे, आणि फोनमध्ये तर पॅनोरमाचे बटणच असते. चित्र देखणे होते. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, बातमीसोबत छापले जाते, एखाद्या निवेदनालाही जोडले जाते. इथपासून ते पुरावा म्हणून वापरात येते आणि अडचण इथेच सुरू होते.

हे जोडकाम होते कसे? सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत सहज ओळखू येतील अशा खुणा शोधते. विजेच्या खांबाचे टोक, घराच्या पत्र्याचा कोपरा, बाभळीचा शेंडा. शेजारच्या फोटोत त्याच खुणा सापडल्या की दोन्ही फोटो एकमेकांवर बसवते. म्हणून प्रत्येक फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग पुढच्या फोटोतही यावा लागतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या डेव्हिड लोव यांनी अशा खुणा ओळखण्याची पद्धत १९९९ मध्ये मांडली आणि २००३ मध्ये मॅथ्यू ब्राऊन यांच्यासोबत ती पॅनोरमासाठी वापरून दाखवली. फोटोंचा ढीग कसाही विस्कटून दिला, तरी कोणता फोटो कोणाच्या शेजारचा हे संगणक आपले आपण ओळखू लागला. पुढची कितीतरी सॉफ्टवेअर याच वाटेने गेली.

पण पाण्यावर खूण कुठली शोधणार? लाट क्षणात बदलते. मधल्या एखाद्या फोटोत नुसते पाणी आणि आभाळ असेल, तर सॉफ्टवेअर तो फोटो वगळते किंवा अंदाजाने कुठेतरी बसवते. धरणाच्या भिंतीचे नेमके उलटे. तिथे खुणा भरपूर, पण एकीसारखी दुसरी. उजनीला ४१ दरवाजे आहेत. त्यातला सातवा चुकून आठव्यावर बसला, तर चित्रात ४० दरवाजे उरतात आणि पाहणाऱ्याला संशयही येत नाही. (भीमानगरच्या बाजूने काढलेला पॅनोरमा कोणाच्या फोनमध्ये असेल, तर दरवाजे मोजून पाहायला हरकत नाही.)

दरवाजे निदान जागचे हलत नाहीत. पक्षी हलतात. हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यात उतरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच पाण्यात घालून संथपणे चालत राहतात. फोटो काढणारा डावीकडून उजवीकडे वळत असताना एखादा पक्षीही त्याच दिशेने चालत असेल, तर तो पहिल्या फोटोत येतो आणि दुसऱ्यातही. विरुद्ध दिशेने चालणारा पक्षी दोन्ही फोटोंच्या मधल्या वेळात निसटू शकतो. फोनच्या पॅनोरमात आणखी वेगळा प्रकार होतो. तिथे फोन फिरत असताना चित्राच्या अरुंद उभ्या पट्ट्या जोडल्या जातात. फोनच्या दिशेने जाणारा पक्षी जास्त पट्ट्यांत सापडून लांबुळका होतो, उलट जाणारा आकसतो.

तीन पायांचा रोहित दिसला तर लोक हसतात आणि फोटो बाद करतात. तो प्रकार निरुपद्रवी. खरी गफलत चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये होते. दोन फोटोंचा सांधा कुठून न्यायचा हे ते विचारपूर्वक ठरवते. ज्या जागी दोन्ही फोटो जुळत नाहीत, ती जागा टाळून सांधा वळणे घेत जातो. त्यामुळे पक्षी एक तर अख्खा राहतो, नाही तर अख्खा नाहीसा होतो, आणि त्याच्या जागी दुसऱ्या फोटोतले स्वच्छ पाणी येते. चूक झाली आहे याची कसलीही निशाणी उरत नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. अशा कामात थव्याचा आकडा फोटोवरून काढणे सोयीचे असते. पण जोडचित्रावरून काढलेला आकडा त्या चित्राचा असतो, थव्याचा असेलच असे नाही. मोजणी सुट्या फोटोंवर करावी, आणि दोन फोटोंत सामाईक आलेला भाग एकदाच धरावा. काम किचकट आहे, पण त्याला सोपी पळवाट नाही.

काठावरच्या माणसांच्या दृष्टीने रंगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून अखेर उजनीत येते. पाणी हिरवे पडणे, त्यावर शेवाळाचा थर धरणे हे काठच्या गावांना नवे नाही. सोलापूर शहर हेच पाणी पिते. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक विषे तयार करतात, त्यामुळे पाणी कुठे किती हिरवे आहे हा नुसता दृश्याचा मामला उरत नाही. फोटो जोडताना मात्र सॉफ्टवेअरच्या मते वेगळा रंग म्हणजे दोष असतो. सूर्याकडचा फोटो उजळ, पाठीकडचा गडद, एकात निळसर छटा तर दुसऱ्यात पिवळसर, हे फरक पुसून सगळे एकजीव करणे हेच त्याचे काम. त्यासाठी बारीक तपशील सांध्यालगतच्या अरुंद पट्ट्यात मिसळतात, तर रंग आणि उजेड बऱ्याच रुंद पट्ट्यात. पाण्यावरची फिकट हिरवी झाक या दुसऱ्या गटात मोडते. ती शेजारच्या स्वच्छ पाण्यात पसरते किंवा विरून जाते. तक्रार करणाऱ्याचे चित्र पाणी आहे त्यापेक्षा वाईट दाखवू शकते, आणि 'सगळे ठीक आहे' म्हणणाऱ्याचे चांगले. दोघांनीही लबाडी केलेली नसते. पाणी विषारी आहे की नाही हे तसेही कुठल्याच फोटोवरून कळत नाही. त्याला बाटलीत भरलेला नमुना आणि प्रयोगशाळा लागते.

अंतरांचे थोडक्यात सांगता येईल. धरणाची सुमारे अडीच किलोमीटरची भिंत पॅनोरमात धनुष्यासारखी वाकते. रुंद दृश्य सपाट चित्रावर उलगडले की सरळ रेषा वाकतातच. नावेतून काढलेल्या फोटोंत त्यात आणखी भर पडते. एक डोळा मिटून नाकासमोरचा अंगठा पाहावा, मग दुसरा मिटून पाहावा, अंगठा सरकलेला दिसतो. नाव पुढे जाताना जवळच्या पाणवनस्पती आणि पलीकडचा काठ यांचे तसेच होते. पाणी किती मागे हटले हे अशा चित्रावर बोट ठेवून सांगणे व्यर्थ आहे.

म्हणून पॅनोरमा काढूच नये असे कोणी म्हणत असेल, तर ते पटण्यासारखे नाही. उजनी पूर्ण भरते तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा शून्यावर येतो तेव्हा ४९१.०३ मीटर. उंचीतला फरक सहा मीटरही नाही, पण काठ सपाट असल्याने तेवढ्यात शेतेच्या शेते उघडी पडतात, मोटारी, केबल आणि पाइप पाण्यामागे सरकवत न्यावे लागतात, आणि पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर वर येते. वर्षानुवर्षे एकाच जागेवरून टिपलेले रुंद चित्र हा बदल जसा दाखवते, तसा टक्केवारीचा आकडा दाखवत नाही.

फक्त शिस्त हवी. 'क्युरिऑसिटी' यानाने २०१९ च्या अखेरीस मंगळावर हजाराहून अधिक फोटो काढले. ते जोडून सुमारे १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरमा तयार झाला आणि नासाने तो २०२० मध्ये प्रसिद्ध केला. या यानाचे मूळ सुटे फोटोही सर्वांना पाहता येतात. गावपातळीवर हेच जमण्यासारखे आहे. शाळेची गच्ची, देवळाचा चौथरा अशी एक जागा कायमची ठरवावी. फोन उभा धरावा, पहिल्याच फोटोला फोकस आणि उजेड लॉक करावा, आणि शरीराभोवती फोन न फिरवता फोन जागेवर ठेवून आपण त्याच्याभोवती वळावे. चित्राखाली 'सहा फोटो जोडून' अशी ओळ तारीख-वेळेसह टाकावी. वर्तमानपत्रांनीही ती छापावी, दोन शब्दांची जागा कुठेही निघते. धरण उणेत असताना एकदा आणि भरल्यावर एकदा, एवढे पुरे. जोडचित्र तयार झाले की मूळ सहा फोटो जागा अडवतात म्हणून लगेच पुसले जातात. ते तेवढे ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवावेत.