सड्याची पाहणी कोणत्या महिन्यात?

चतुर्थी सरली की आमच्या जांभ्या सड्यांवर एक नाजूक गुलाबी फूल दिसू लागते. त्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञ 'कान्स्कोरा' म्हणतात. काडेचिराईत ज्या जेन्शियन कुळातले, त्याच कुळातील ही वर्षायू वनस्पती. चौकोनी दांडा, समोरासमोर पाने, चार पाकळ्या आणि चार पुंकेसरांपैकी एकच काय तो मोठा व कर्ता! बंगालचे वैद्य हिच्याच एका जातीला शंखपुष्पी मानीत आले. इतरांना ते मान्य नाही. तो वाद येथे नको.

नावाचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे. 'कान्स्कोरा' हा शब्द दिसण्यात लॅटिन, पण मुळात मल्याळी. मलबारचा डच अधिकारी व्हान रीड याचा 'होर्तुस मलबारिकुस' हा 12 खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात नोंदलेल्या मल्याळी नावावरून लामार्कने पुढे या प्रजातीचे नामकरण केले. या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोचीचे तीन कोंकणी वैद्यही राबले. त्यांचे 1675 सालचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. त्यांनी साध्या रानझाडांचीही नोंद महत्त्वाची मानली. आजच्या सरकारी अहवालांत तेवढी आस्था आढळेल, असा भरवसा आम्हांस वाटत नाही.

कारण उघड आहे. दगडाच्या भेगांतील बोटभर मातीत हे रोप पावसावर वाढते, पाऊस ओसरताना फुलते आणि पुढे वाळून जाते. वैशाखात उरते ते केवळ धुळीसारखे बी. खाणींच्या पर्यावरण अहवालांसाठी केंद्राने 2015 साली ठरविलेल्या प्रमाण अटींत मात्र पावसाळा सोडून कोणत्याही एका ऋतूतील पाहणी पुरेशी धरली आहे. मार्च ते मे हा काळही त्यात बसतो! त्या उन्हात सड्यावर गेलेल्या पाहणीकाराने 'वनस्पती नाही' असे लिहिले, तर तो खोटे लिहीत नाही. त्याला पाठविणाऱ्यांनी महिना चुकीचा निवडलेला असतो. शिवाय एकदा वरचा थर खरवडला की बियांचा साठाच जातो. मागे खुंट राहत नाही, की ज्याला पुन्हा धुमारे फुटावेत.

आमची घरे चिऱ्यांचीच आहेत. चिरेखाणी सरसकट बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु खाण असो वा वसाहत, सड्यावरील कोणत्याही प्रकल्पापूर्वी भाद्रपद ते कार्तिक या काळातील वनस्पती-पाहणी राज्याने सक्तीची करावी, आणि आमच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना त्या कामी घ्यावे.